ठासणीची रायफल आणि जवळचा टप्पा : फोर्सिथ यांच्या मंद पिळाची उपपत्ती

इ. स. १८६३ मध्ये लंडन येथे 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक जेम्स फोर्सिथ (१८३८–१८७१) हे बंगाल स्टाफ कोअरमधील एक तरुण अधिकारी होते. १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी करून मध्यप्रांत स्थापन झाला, त्या प्रांताच्या जंगलखात्यात व पुढे निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीत त्यांनी काम केले. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १८७१ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच निघाला. सातपुडा, गोंड-कोरकू समाज आणि तेथील अरण्ये यांचे वर्णन म्हणून तो आजही अभ्यासिला जातो. त्या मानाने रायफलीवरील त्यांचे पहिले पुस्तक शस्त्रविद्येच्या जिज्ञासूंपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही. वस्तुतः एखादे साधन विशिष्ट कार्यासाठी कसे घडवावे, या प्रश्नाचे ते एक नमुनेदार उत्तर आहे. गतिशास्त्र, प्राणिजीवन आणि माणसाची डोळा-हाताची मर्यादा या तिन्हींचा त्यात मेळ घातलेला आढळतो. ठासणीच्या रायफलीला जवळच्या टप्प्याच्या शिकारीसाठी जे रूप देण्यात आले, त्यामागील कारणपरंपरा उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

येथे एक नामसादृश्य प्रथमच दूर केलेले बरे. स्फोटक द्रव्यावर आघात करून बार पेटविण्याची युक्ती शोधणारे व १८०७ मध्ये तिचे पेटंट मिळविणारे स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ हे निराळे. त्यांच्या शोधातून पुढे टोपीची बंदूक निघाली. प्रस्तुत विवेचनातील रायफली टोपीच्याच आहेत, इतकाच या दोन नावांचा संबंध.

१. प्रश्नाचे स्वरूप

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी ही दोन्ही नळीच्या तोंडातून घालून गजाने तळाशी ठासावी लागतात. नंतर घोड्याखालील निपलावर टोपी बसवून बार काढावयाचा. सरावलेल्या माणसासही ही सर्व क्रिया करण्यास अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागे. जखमी वाघ किंवा गवा तीस-चाळीस वार अंतरावर असता अर्धे मिनिट म्हणजे जवळजवळ अनंतकाळच होय. त्यामुळे पहिल्या गोळीनेच प्राणी जागच्या जागी पाडणे ही शिकाऱ्याची सोय नव्हे, तर निकड होती.

सातपुड्यातील साग, साल आणि बांबू यांच्या रानात जनावर दिसते तेच बहुधा शंभर वारांच्या आत, आणि पुष्कळदा त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर. ते दिसते तेही क्षणभर, अर्धवट आणि झाडोऱ्याच्या आडून. अंतराचा अंदाज घेऊन मागील दर्शकाची पट्टी वरखाली करण्यास तेथे सवड नसते. तेव्हा जंगलातील रायफलीकडून तीन गोष्टींची अपेक्षा होती. पहिली, शंभर-सव्वाशे वारांपर्यंत नेम न बदलता गोळी नेमाच्या जागी लागावी. दुसरी, गोळीचा आघात इतका असावा की मोठे जनावर लगेच कोसळावे. तिसरी, रायफल उचलताच ती खांद्याशी व डोळ्याशी आपोआप जुळावी. एक हजार वारांवरील निशाण भेदण्याचे सामर्थ्य या यादीत कोठेच नाही. फोर्सिथ यांच्या विचाराचे मूळ नेमके येथे आहे.

२. गोळीचे माप

त्या काळी नळीचा व्यास 'बोअर' या परिमाणाने सांगत. एक रत्तल शिशाच्या जितक्या समान गोळ्या होतील, तो त्या नळीचा बोअर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. एक रत्तल म्हणजे ७००० ग्रेन. चौदा बोअरच्या गोळीचे वजन ५०० ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, आणि व्यास ०.६९३ इंच येतो. बत्तीस बोअरच्या गोळीचे वजन सुमारे २१९ ग्रेन व व्यास सुमारे ०.५२५ इंच.

या मापाचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. वाटोळ्या गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर तिला होणारा हवेचा विरोध व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वाटोळी गोळी जितकी मोठी तितका तिचा वेग हळू घटतो. लांबट गोळीत मात्र व्यास न वाढविता केवळ लांबी वाढवून वजन वाढविता येते. दूरच्या टप्प्यावर लांबट गोळी वाटोळीला मागे टाकते ती याच कारणाने. याच्या उलट, जवळच्या टप्प्यात वाटोळ्या गोळीचा हा दोष प्रकट होण्यापूर्वीच तिचे कार्य संपलेले असते.

३. पीळ कशासाठी?

रायफलीच्या नळीत आतून पेचदार चर पाडलेले असतात. चरांमधील उंचवट्यांना येथे 'कंगोरे' म्हटले आहे. या चरांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते. हे फिरणे कशासाठी हवे, याचा शास्त्रीय विचार बेंजामिन रॉबिन्स यांनी केला. त्यांचा 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हा ग्रंथ १७४२ चा, आणि रायफलीच्या नळीच्या फायद्यांविषयीचा त्यांचा निबंध १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी नळीच्या बाजूंना घासत येते आणि त्या घर्षणाने कोणत्या तरी अनिश्चित आसाभोवती फिरू लागते. हा आस गतीच्या दिशेला आडवा असेल तर हवेच्या विषम दाबाने गोळी बाजूस वळते. रॉबिन्स यांनी एका बंदुकीच्या नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवून प्रयोग केला. गोळी प्रथम अपेक्षेप्रमाणे डावीकडे गेली, पण पुढे रेषा ओलांडून उजवीकडे वळली. वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीशी घासत आल्याने तिला मिळालेले फिरणे हे याचे कारण होय.

चर पाडल्याने हा अनिश्चित आस नाहीसा होऊन गोळी गतीच्या दिशेभोवतीच फिरू लागते. ओतकामातील पोकळी किंवा आकारातील बारीक वैगुण्य यांचा परिणाम मग सर्व बाजूंस सारखा विभागला जातो. वाटोळ्या गोळीला फिरण्याची गरज आहे ती एवढ्यासाठीच. तिला पुढे-मागे असे काही नसल्याने ती उलटीपालटी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

लांबट गोळीची गोष्ट याहून वेगळी आहे. तिच्यावरील हवेच्या दाबाचे केंद्र गुरुत्वमध्याच्या पुढे पडते, आणि म्हणून ती कोलांटी खाऊ पाहते. तिला सरळ ठेवण्यास भोवऱ्याप्रमाणे पुष्कळ वेगाचे फिरणे लागते. सारांश, लांबट गोळीला तीव्र पीळ अनिवार्य, तर वाटोळ्या गोळीला मंद पीळ पुरेसा.

४. लष्करी आदर्शाचा प्रभाव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील बंदूकविद्येची दिशा लष्करी गरजांनी ठरविली होती. क्लोद-एत्येन मिन्ये यांची १८४९ ची पसरणारी लांबट गोळी, १८५३ ची ०.५७७ इंची एन्फील्ड रायफल आणि जोसेफ व्हिटवर्थ यांची ०.४५१ इंची षट्कोनी नळी हे या प्रगतीचे टप्पे होत. एन्फील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा असा होता, तर व्हिटवर्थ यांनी तो २० इंचांत एक इतका तीव्र केला. १८५७ च्या चाचण्यांत व्हिटवर्थ यांची रायफल दूरच्या अचूकतेत एन्फील्डच्या कितीतरी पुढे गेली.

हिंदुस्थानातही याच दिशेचे एक प्रसिद्ध उदाहरण घडले. सिंधमधील जनरल जॉन जेकब (१८१२–१८५८) यांनी चार खोल चरांची, बत्तीस बोअरची दुनळी रायफल सिद्ध केली. तिच्या चोवीस इंची नळीत गोळीचा चार-पंचमांश फेरा होई, म्हणजे पीळ ३० इंचांत एक. तिचे दर्शक दोन हजार वारांपर्यंत आखलेले होते. दूरवरच्या तोफखान्याचा दारूसाठा स्फोटक गोळीने उडवून देण्याची कल्पना तिच्या मुळाशी होती.

या रायफली आपापल्या कार्यास योग्यच होत्या. चूक झाली ती पुढे. ज्या गुणांनी लष्करी रायफल श्रेष्ठ ठरली, तेच गुण शिकारी रायफलीचेही मोजमाप ठरू लागले. लंडन व बर्मिंगहॅमचे कारागीर मैदानी निशाणबाजीची परीक्षा प्रमाण मानून तीव्र पिळाच्या रायफली हिंदुस्थानात धाडू लागले, आणि जंगलातील शिकारी त्या घेऊ लागले. तीव्र पिळाच्या नळीत लांबट गोळी घातली तर जवळच्या टप्प्यासाठी हवा असलेला वेग मिळेना, कारण जड गोळीमागे फार दारू घातल्यास धक्का असह्य होई. वाटोळी गोळी घालून दारू वाढविली तर निराळेच संकट उभे राही.

५. गोळी चर का सोडते?

हे संकट म्हणजे गोळीने चर सोडणे. ठासणीच्या रायफलीत वाटोळी गोळी नळीहून किंचित लहान असते. तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून ती ठासली जाते, आणि कापड व शिशाचा मऊ पृष्ठभाग मिळून चरांत रुततात. बार सुटताच गोळीने चरांचा पीळ धरून फिरावे अशी अपेक्षा असते. परंतु दारू जास्त व पीळ तीव्र असेल तर कंगोऱ्यांवर पडणारा बाजूचा दाब शिशाला पेलत नाही. मग गोळी चर फाडून सरळच निघून जाते. तिला ठरावीक फिरणे मिळत नाही आणि रायफलीची अचूकता गुळगुळीत नळीइतकीही उरत नाही.

साध्या गणिताने हे स्पष्ट करता येते. चराचा नळीच्या आसाशी होणारा कोन हा नळीचा परिघ भागिले पिळाची लांबी या गुणोत्तरावरून निघतो. चौदा बोअरच्या नळीत पीळ ३० इंचांत एक असा ठेवल्यास हा कोन सुमारे ४.२ अंश येतो. पीळ १०४ इंचांत एक ठेवल्यास तो अवघा १.२ अंश भरतो. भरीव गोलाचे जडत्वपरिबल ध्यानात घेता, घर्षण सोडून, कंगोऱ्यांवरील बाजूचा दाब पहिल्या नळीत गोळीला पुढे ढकलणाऱ्या बलाच्या सुमारे २.९ टक्के, तर दुसऱ्या नळीत सुमारे ०.८ टक्के येतो. अर्थात तेवढ्याच बाजूच्या दाबात दुसऱ्या नळीतील गोळीला तत्त्वतः साडेतीन पट पुढील बल सोसता येईल. पीळ मंद केल्याने दारू वाढविण्यास मोकळीक मिळते, ती अशी.

६. फोर्सिथ यांचा तोडगा

फोर्सिथ यांनी सुचविलेली रायफल या विचारातून सिद्ध झाली. मोठा बोअर, वाटोळी गोळी, भरपूर दारू व अत्यंत मंद पीळ ही तिची चार अंगे. चौदा बोअरच्या नळीस १०४ इंचांत एक फेरा आणि सुमारे पाच ड्रॅम दारू हे प्रमाण त्यांच्या नावाशी निगडित झाले आहे. एक ड्रॅम म्हणजे २७.३ ग्रेन, तेव्हा पाच ड्रॅम म्हणजे सुमारे १३७ ग्रेन काळी दारू. एन्फील्डच्या ५३० ग्रेनच्या गोळीमागे सुमारे अडीच ड्रॅमच दारू असे, हे ताडून पाहिले म्हणजे फरक कळतो.

चरांची घडणही त्यांनी बदलली. चर रुंद व उथळ, कंगोरे अरुंद. उथळ चरांमुळे गोळीचा आकार फारसा बिघडत नाही आणि कापडाची चकती सर्व बाजूंनी सारखी दाबली जाते. अरुंद कंगोऱ्यांमुळे ठासणे सुलभ होते. शिवाय काळ्या दारूचा जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे उरतो, आणि ही राख दमट हवेत ओल धरते. उथळ चरांतून ती पुसून काढणे सोपे जाते. पावसाळ्यानंतरच्या दमट रानात दुसरी गोळी अडकून न बसणे, हा गुण कागदी अचूकतेहून कमी मोलाचा नव्हता.

या मांडणीने काय साधले, हे एका कल्पित पण वास्तवाला धरून असलेल्या उदाहरणाने पाहू जाता येईल. चौदा बोअरच्या गोळीचा मुखवेग सेकंदास १५०० फूट धरला आणि शंभर वारांपर्यंतचा सरासरी वेग १२७५ फूट मानला, तर हे अंतर तोडण्यास ०.२३५ सेकंद लागतील. शंभर वारांवर नेम जुळविलेला असता मार्गाच्या मध्यभागी गोळी नेमरेषेच्या वर साधारणपणे २.७ इंच चढेल. उलटपक्षी, ५३० ग्रेनच्या लांबट गोळीस मुखवेग ११०० व सरासरी १०५० फूट धरल्यास वेळ ०.२८६ सेकंद आणि चढ सुमारे ४ इंच येतो. अंतराचा अंदाज न घेता बार काढणाऱ्यास हा सव्वा इंचाचा फरक उपयोगी आहे खरा, तथापि तो निर्णायक म्हणता येत नाही. निर्णायक फरक आघातात आहे. पहिल्या गोळीची मुखाशी गतिज ऊर्जा सुमारे २५०० फूट-रत्तल, दुसरीची सुमारे १४२५. त्यातही पहिल्या गोळीच्या छेदाचे क्षेत्रफळ एन्फील्डच्या गोळीच्या जवळजवळ दीडपट आणि व्हिटवर्थच्या गोळीच्या सुमारे २.४ पट आहे. म्हणजे ती ऊर्जा अधिक रुंद जखमेत खर्च होते. दोनशे वारांपलीकडे हे सारे श्रेय ओसरते व लांबट गोळी वरचढ होऊ लागते. परंतु तो टप्पा या रायफलीच्या कार्यक्षेत्राबाहेरचा आहे.

७. ग्रीनहिल यांच्या सूत्राशी तुलना

जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये, म्हणजे फोर्सिथ यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, लांबट गोळीस लागणाऱ्या पिळाचे एक सोपे सूत्र दिले. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागले असता पिळाची लांबी मिळते. या सूत्रात लांबी व व्यास समान धरले, म्हणजे गोळी वाटोळी मानली, तर पिळाची लांबी व्यासाच्या १५० पट येते. चौदा बोअरच्या ०.६९३ इंच व्यासास हे उत्तर १०४ इंच आहे.

ही जुळणी लक्षवेधक असली तरी तिच्यावरून अतिरिक्त अनुमान काढणे युक्त नव्हे. ग्रीनहिल यांचे सूत्र लांबट गोळ्यांसाठी आहे. वाटोळ्या गोळीला त्या अर्थाने स्थैर्याची अटच लागू होत नाही. तेव्हा ही जुळणी उपपत्तीचा पुरावा नसून तिच्या दिशेशी झालेला सुसंवाद आहे. गोळी जितकी आखूड तितका पीळ मंद असावा, एवढे तत्त्व दोहोंत समान आहे. फोर्सिथ तेथवर अनुभव व प्रयोग यांच्या वाटेने गेले, ग्रीनहिल गणिताच्या वाटेने.

८. रायफलीची इतर अंगे

नळीखेरीज इतर भागांतही जवळच्या टप्प्याला अनुसरून फेरफार करण्यात येत. त्यांपैकी प्रमुखांचा निर्देश पुढे केला आहे.

दर्शक : मैदानी रायफलीवर उंच सरकती पट्टी व बारीक छिद्र असते. जंगलच्या रायफलीस एकच स्थिर मागील दर्शक, तोही रुंद व उथळ खाचेचा, आणि पुढे मोठी, हस्तिदंताची किंवा चांदीची माशी बसवीत. सावलीत क्षणार्धात दिसणे हा तिचा गुण. बारीक माशीने कागदावर गोळ्या अधिक जवळजवळ पडतात, पण संधिप्रकाशात ती दिसतच नाही.

दस्ता : दस्त्याची लांबी, बाक व बाजूचा कल हे शिकाऱ्याच्या बाहूची लांबी, मान व खांदा पाहून ठरविले जात. डोळे मिटून रायफल खांद्याशी लावावी व डोळे उघडताच माशी खाचेत दिसावी, ही त्याची कसोटी. कपडे बेतून शिवावेत त्याप्रमाणे हा दस्ता एका माणसासाठी बेतलेला असे.

दुनळी रचना : भरण्यास लागणारा वेळ टाळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे दोन नळ्या. परंतु दोन नळ्या एकत्र जोडणे हे कारागिराच्या कौशल्याची परिसीमा पाहणारे काम आहे. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल किंचित उजवीकडे वळते, आणि डावी उडाली की डावीकडे. म्हणून नळ्या अगदी समांतर न ठेवता पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या जोडाव्या लागतात. बार काढून पाहावा, डाक वितळवून पाचर हलवावी, पुन्हा बार काढावा, असे करीत दोन्ही गोळ्या एका जागी आणल्या जात. ही जुळणी एकाच वजनाच्या गोळीस व दारूच्या एकाच मापास खरी असते. माप बदलले की नळ्या फाकतात. दुनळी रायफल ही जणू एका मापाला दिलेले वचनच होय.

वजन : ५०० ग्रेनची गोळी सेकंदास १५०० फूट वेगाने निघाली तर केवळ तिच्या संवेगामुळे दहा रत्तल वजनाची रायफल सुमारे १०.७ फूट वेगाने मागे येते. दारूच्या वायूंमुळे हा वेग आणखी वाढतो. रायफल हलकी केल्यास वेग व्यस्त प्रमाणात वाढून खांदा सोसत नाही, आणि जड केल्यास डोंगर चढताना ओझे होते. सॅम्युएल बेकर यांनी १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्स यांच्याकडून करविलेली, तीन औंस गोळीची रायफल एकवीस रत्तल वजनाची होती. तिचे कार्य सिलोनमधील हत्तींच्या शिकारीचे होते. मध्यप्रांतातील पायी शिकारीस ती निरुपयोगी ठरली असती.

धातू : मऊ शिसे पातळ कातडीच्या जनावरात पसरते, पण गव्याच्या किंवा हत्तीच्या हाडावर चपटे होऊन थांबते. अशा वेळी शिशात कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करीत. येथेही लक्ष्य पाहून साधन, हेच सूत्र.

९. मर्यादा आणि उत्तरकाल

या पद्धतीला मर्यादा होत्याच. मोठ्या दारूचा धूर समोरच पसरून दुसऱ्या बाराच्या क्षणी जनावर दृष्टीआड करी. टोपी ओली झाली तर बारच निघत नसे. मंद पिळाच्या नळीत लांबट गोळी चालत नसल्याने रायफल एकाच प्रकारच्या कामास जखडली जाई. फोर्सिथ यांनी पुरस्कारिलेली स्फोटक गोळीही विवाद्य ठरली. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून हलकी स्फोटक गोळी युद्धात वापरणार नाही, असे स्वाक्षरी करणाऱ्या राष्ट्रांनी मान्य केले. माणसावर जे वापरणे अमानुष ठरले ते जनावरावर वापरण्यास त्या जाहीरनाम्याने प्रतिबंध केला नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६७ मध्ये निघाली, त्या सुमारास मागून भरावयाच्या बंदुका व धातूची काडतुसे पुढे येत होती. पुढील दोन-तीन दशकांत ठासणीची रायफल शिकारीतून मागे पडली आणि धूररहित दारूने सगळेच प्रमाण बदलले. परंतु मूळ विचार संपला नाही. १८८५ मध्ये जॉर्ज फॉसबेरी यांनी पेटंट घेतलेल्या व हॉलंड अँड हॉलंड यांनी बनविलेल्या 'पॅराडॉक्स' बंदुकीत नळी बहुतेक गुळगुळीत ठेवून केवळ तोंडाजवळच्या थोड्या लांबीत चर पाडले होते. जवळच्या टप्प्यात जड गोळीस किंचित फिरणे पुरते, हेच तत्त्व तिच्यातही आहे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांचा छंद विसाव्या शतकात पुनरुज्जीवित झाल्यावर वाटोळ्या गोळीसाठी मंद पिळाच्या नळ्या पुन्हा तयार होऊ लागल्या, आणि फोर्सिथ यांचे नाव तेथील कारागिरांच्या बोलण्यात आजही येते.

१०. उपसंहार

या विषयाला एक मानवी बाजू आहे व ती वगळल्यास विवेचन अपुरे राहील. रायफलीची उणीव ज्यास प्रथम भोवे तो बहुधा तिचा मालक नसे. जखमी जनावराच्या रक्ताचा माग काढीत पुढे चालणारे गोंड व कोरकू वाटाडे आणि दुसरी बंदूक घेऊन मागे उभा राहणारा बंदूकवाहक, यांच्या अंगावर तो प्रसंग येई. बोअर आणि पीळ यांची चर्चा लंडनमध्ये छापली गेली, पण तिच्यातील चुकीची किंमत सातपुड्यात मोजली गेली. ज्यांनी ती मोजली त्यांच्यापैकी फारच थोड्यांची नावे शिकारकथांत सापडतात. १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने तर हिंदी लोकांस परवान्याशिवाय बंदूक बाळगणेच वर्ज्य केले. ज्यांचे रान त्यांच्या हाती तोडेदार बंदूकही कायद्याने राहिली नाही. युरोपियनांस मात्र या कायद्यातून सूट होती.

दुसरी विसंगती खुद्द फोर्सिथ यांच्या चरित्रात आहे. १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर त्यांनी बांधलेल्या 'बायसन लॉज' या बंगल्याचे नावच गव्याच्या शिकारीची आठवण देते, कारण त्या काळचे इंग्रज शिकारी गव्यालाच 'बायसन' म्हणत. त्याच वेळी जंगलखात्याचा अधिकारी म्हणून साग-सालाची बेसुमार तोड थांबविण्याच्या कामीही ते गुंतले होते. पचमढीलगतचे बोरी येथील जंगल १८६५ मध्ये राखीव करण्यात आले. आज पचमढी व बोरी हे प्रदेश सातपुडा व्याघ्रप्रकल्पात मोडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील वाघ, गवा व अस्वल यांच्यावर रायफल रोखण्याची वाट बंद केली. जे साधन त्यांना अचूक मारण्यासाठी इतक्या विचाराने घडविले गेले, त्याचे स्थान आता संग्रहालयात आहे, आणि ते तेथेच उचित आहे.

तथापि त्या साधनामागील विचारपद्धती संग्रहालयात ठेवण्याजोगी नाही. श्रेष्ठ रायफल कोणती, हा प्रश्न फोर्सिथ यांच्या समकालीनांनी टप्प्याच्या लांबीवर सोडविला. फोर्सिथ यांनी तो आधी बदलून घेतला : कोणत्या कामासाठी, किती अंतरावर आणि चूक झाल्यास कोणावर काय ओढवेल? प्रश्न असा मांडल्यावर ज्यास सर्वजण मागासलेपण समजत होते ती वाटोळी गोळी व तो मंद पीळ हेच योग्य उत्तर ठरले. एका क्षेत्रात सिद्ध झालेले मोजमाप दुसऱ्या क्षेत्रास लावण्यापूर्वी तेथील परिस्थिती तपासून पाहणे प्रयोगशाळेत जितके अगत्याचे आहे तितकेच ते सातपुड्याच्या रानातही होते, एवढा बोध या जुन्या पुस्तकातून निश्चित घेता येतो.